ड्रॅगन इतके बलाढ्य होते, मग संपले कसे?

काल्पनिक जगांच्या कादंबऱ्या, मालिका आणि गेम यांत एक पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा येते. फार पूर्वी त्या जगावर प्राचीन ड्रॅगनांचं राज्य होतं. ते अजस्र होते, शेकडो वर्षं जगत, आग ओकत. काही कथांत त्यांना भाषा आणि विद्याही अवगत होती. कथा सुरू होते तेव्हा मात्र त्यांची हाडं तेवढी उरलेली असतात, फार तर एखादं दगड झालेलं अंडं. वाचक बुचकळ्यात पडतो. ज्याला कुणी शत्रूच नव्हता, असा प्राणी संपला कसा? कथेत याचं उत्तर बहुधा एका वाक्यात उरकलेलं असतं: मोठं युद्ध झालं, शाप लागला, कुण्या वीराने शेवटचा ड्रॅगन मारला.

हा प्रश्न याहून जास्त मान देण्याजोगा आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्या पृथ्वीवरही भलेमोठे, दीर्घायुषी, कुणालाही न भिणारे प्राणी होऊन गेले आणि नामशेष झाले. ते कसे संपले हे शास्त्रज्ञांनी खूप खोलात जाऊन तपासलं आहे. ते समजून घेतलं की ड्रॅगनांचं नाहीसं होणं हाच कथेतला सगळ्यात पटण्याजोगा भाग वाटू लागतो. त्यांचा आकार, त्यांची भूक आणि त्यांचं लांबलचक आयुष्य या तीन गोष्टींतच त्यांचा शेवट ठरलेला होता.

आधी शरीराचा हिशेब

आज ज्याला वर्ग-घन नियम म्हणतात, त्यामागचा विचार गॅलिलिओने १६३८ साली मांडला. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट होतं. तिप्पट केली तर क्षेत्रफळ नऊपट आणि वजन सत्तावीसपट. आकार वाढेल तसा पंखांवरचा भार वाढत जातो आणि एका टप्प्यावर जमिनीवरून उठणंच अशक्य होतं. आजचे सगळ्यात जड उडणारे पक्षी वीस किलोच्या आसपास थांबतात ते यामुळेच.

पूर्वी मात्र निसर्गाने याच्या कितीतरी पुढे मजल मारली होती. १९७१ साली अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला एका टेरोसॉरच्या पंखाचं हाड सापडलं. टेरोसॉर म्हणजे डायनासोरांच्या काळातले उडणारे सरीसृप. या प्राण्याला १९७५ साली ॲझ्टेक लोकांच्या पिसं असलेल्या नागदेवतेवरून क्वेट्झलकोॲट्लस हे नाव देण्यात आलं. पंखांचा पसारा दहा ते अकरा मीटर, उभा राहिला की उंची जिराफाच्या जवळपास, वजन अंदाजे २०० ते २५० किलो. हाडं आतून पोकळ होती आणि त्यांच्या भिंती जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो चारही अवयवांचा जोर लावून हवेत झेप घेत असे. पृथ्वीवर खराखुरा ड्रॅगन कुणी होऊन गेला असेल तर तो हाच, असं मी म्हणेन.

कथेतला ड्रॅगन याच्या वीसपट जड असतो. तेव्हा उडण्यापुरती जादू आपण कथाकाराला देऊन टाकू. आगीचं तितकं अवघड नाही. बॉम्बार्डियर नावाचे भुंगेरे पोटात दोन रसायनं वेगवेगळी साठवतात आणि संकट आलं की ती एकत्र करून जवळजवळ १०० अंश सेल्सिअस तापमानाचा फवारा शत्रूवर मारतात. त्यातून ज्वाळा निघत नाही, पण शरीराला इजा न होऊ देता जाळणारं रसायन बनवता येतं, हे त्यावरून दिसतं.

एका गोष्टीचा विचार मात्र क्वचितच कुणी करतं. चार पाय आणि दोन पंख म्हणजे सहा अवयव झाले. पृथ्वीवरच्या कणा असलेल्या सगळ्या भूचर प्राण्यांचा आराखडा चार अवयवांचा आहे. पक्ष्यांचे आणि वटवाघळांचे पंख हे त्यांचे पुढचे पायच आहेत. त्यामुळे सहा अवयवांचा ड्रॅगन एकटाच निपजू शकत नाही. त्या जगात त्याचे सहा अवयवांचे लहानमोठे नातलग असायलाच हवेत, आणि ड्रॅगन गेल्यावरही त्यांतले काही मागे उरायला हवेत.

भूक किती?

शिकारी प्राणी नेहमी थोडेच का असतात, याचा एक सुंदर हिशेब ख्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन या शास्त्रज्ञांनी २००२ साली मांडला. सस्तन मांसभक्षकांच्या अनेक प्रजाती तपासल्यावर त्यांना आढळलं की साधारण १०,००० किलो भक्ष्य जिवंत, हिंडत-फिरत असेल तर त्यावर सुमारे ९० किलो शिकारी प्राणी तग धरतात. शिकारी छोटा असो वा मोठा, प्रमाण जवळपास तेच राहतं.

आता पाच टनांचा, म्हणजे मोठ्या हत्तीएवढा ड्रॅगन घ्या. या हिशेबाने त्या एका ड्रॅगनमागे साडेपाच लाख किलोंहून जास्त भक्ष्य रानात असायला हवं. एका प्रजातीला काही पिढ्या टिकायचं तर निदान पाचशे ड्रॅगन तरी हवेत असं धरू. त्यांना २७ कोटी किलोंहून जास्त भक्ष्य लागेल. आफ्रिकेतल्या सेरेनगेटीत सुमारे १३ लाख विल्डबीस्ट हरणं आहेत. प्रत्येकाचं वजन २०० किलो धरलं तरी तो सगळा कळप २६ कोटी किलोंवर थांबतो. एवढा प्रचंड चरणारा कळपही पाचशे ड्रॅगनांना पुरणार नाही.

यावर कुणी म्हणेल, ड्रॅगन सरीसृप आहे, त्याला एवढं खायला कशाला लागेल? आक्षेप रास्त आहे. शीतरक्ताच्या प्राण्याला तेवढ्याच वजनाच्या उष्णरक्ताच्या प्राण्यापेक्षा साधारण एक दशांश ऊर्जा पुरते. कोमोडो बेटांवरची प्रचंड घोरपड वर्षाला डझनभर मोठ्या शिकारींवरही निभावून नेऊ शकते. पण मग ड्रॅगनाला तासन्‌तास उडता येणार नाही आणि थंड डोंगरशिखरांवर राहताही येणार नाही. टेरोसॉरांच्या अंगावर केसांसारखं आवरण होतं आणि ते बहुधा उष्णरक्ताचे होते. कथाकाराला एक काहीतरी निवडावं लागेल: वर्षानुवर्षं निजणारा ड्रॅगन किंवा आभाळ व्यापणारा ड्रॅगन. पुष्कळ कथांत तो शतकानुशतकं खजिन्यावर झोपलेला असतो. भुकेच्या दृष्टीने ही कल्पना फारच शहाणी आहे.

लांब आयुष्य घातक कसं?

दीर्घायुष्य म्हणजे बळ असं आपण समजतो. एकट्या प्राण्यापुरतं ते खरंही आहे. प्रजातीचा हिशेब वेगळा असतो, कारण जे प्राणी फार जगतात ते फार सावकाश वाढतात आणि फार थोडी पिल्लं देतात. ग्रीनलंड शार्क हा मासा किमान २७२ वर्षं जगतो असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, आणि त्याच अभ्यासानुसार मादी पिल्लं द्यायला तयार होते ती सुमारे दीडशे वर्षांची झाल्यावर. भटका अल्बट्रॉस साधारण दोन वर्षांतून एकच अंडं घालतो.

अशी प्रजाती म्हणजे बँकेत ठेवलेलं मोठं मुद्दल, ज्यावर व्याज अगदी नाममात्र मिळतं. खर्च व्याजाच्या आत आहे तोवर ठेव कायम राहते. खर्च जरासा वाढला की मुद्दलाला हात लागतो आणि ते पुन्हा भरून निघत नाही.

समजा, एका जगात १,००० ड्रॅगन आहेत आणि ते सरासरी ५०० वर्षं जगतात. म्हणजे वर्षाला दोन ड्रॅगन म्हातारपणाने मरणार आणि संख्या स्थिर राहायची तर वर्षाला दोनच पिल्लं मोठी होणार. आता माणसं आली, त्यांच्याकडे मोठी धनुष्यं आली आणि सगळ्या राज्यांत मिळून वर्षाला दहा ड्रॅगन मारले जाऊ लागले. एवढ्या मोठ्या जगात दहा म्हणजे काहीच नाही. तरीही शंभर वर्षांत सगळे ड्रॅगन संपतात. एका ड्रॅगनाच्या आयुष्याच्या पाचव्या हिश्श्यात पूर्ण वंश बुडतो. जन्म आणि नैसर्गिक मृत्यू दोन्ही एकाच प्रमाणात कमी होत जातात, त्यामुळे दरवर्षीची ती दहाची घट कुठेच भरून निघत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नव्हे. १७४१ साली बेरिंगच्या मोहिमेतल्या गेऑर्ग स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने उत्तर प्रशांत महासागरातल्या बेटांजवळ एक प्रचंड, संथ समुद्री प्राणी पाहिला. स्टेलरची समुद्रगाय आठ-नऊ मीटर लांब वाढे. फरच्या व्यापारासाठी तिकडे जाणाऱ्या खलाशांनी मांसासाठी तिची शिकार केली आणि १७६८ पर्यंत ती संपली. शास्त्राला माहीत झाल्यापासून नामशेष होईपर्यंत २७ वर्षं गेली.

आणि शंभर वर्षांची घसरण माणसाच्या नजरेत भरत नाही. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे पाहते त्यालाच मूळ स्थिती समजते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली या सवयीकडे लक्ष वेधलं. आजीने आभाळात वीस ड्रॅगन पाहिलेले असतात, आईने सात, मुलीने एक. मुलीला तो एक ड्रॅगन दिसणं म्हणजेच मोठी गोष्ट वाटते, आणि आजीचं सांगणं अतिशयोक्ती ठरतं. दंतकथा अशाच तयार होत असाव्यात असं मला वाटतं.

एकही ड्रॅगन न मारता

आता मी ज्याला सगळ्यात महत्त्वाचं मानतो त्या उदाहरणाकडे येऊ. न्यूझीलंडमध्ये हास्टचा गरुड नावाचा पक्षी होता. माहीत असलेल्या गरुडांत सगळ्यात जड. मादी पंधरा किलोपर्यंत भरे. तो मोआ या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्यांची शिकार करायचा, आणि मोठे मोआ २०० किलोंहून जड असत. मोआच्या कंबरेच्या हाडांवर त्याच्या नख्यांनी पडलेली भोकं आजही दिसतात. त्याच्यावर हल्ला करणारा कुणीही प्राणी तिथे नव्हता.

तेराव्या शतकाच्या सुमारास माणसं तिथे वस्तीला आली. मोआ मोठे, सहज सापडणारे आणि सावकाश वाढणारे. दीडेकशे वर्षांत मोआच्या सगळ्या, म्हणजे नऊ प्रजाती संपल्या. त्यांच्यामागोमाग गरुडही गेला. कुणी गरुडांविरुद्ध युद्ध पुकारण्याची गरज पडली नाही. त्याचं खाणं दुसऱ्याने खाल्लं, एवढंच पुरलं.

ड्रॅगनांच्या बाबतीतही मला हेच सगळ्यात शक्य वाटतं. माणसांनी रानं तोडून शेती केली, रानगवे आणि हरणं मारली. ड्रॅगन उपाशी राहू लागले, म्हणून गुरांवर झडप घालू लागले, आणि मग वीर तलवारी घेऊन निघाले. पोवाडे गाणारे वीराचं नाव लक्षात ठेवतात. खरा घाव शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीने त्याआधी शंभर वर्षं घातलेला असतो.

आणि आभाळातून संकट कोसळलं तर? तेही पृथ्वीवर घडलं आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतल्या युकातान भागात सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला. सूर्यप्रकाश अडला, वनस्पती मेल्या, मग त्या खाणारे आणि शेवटी त्यांना खाणारे. जमिनीवरचे साधारण पंचवीस किलोंहून जड असलेले जवळपास सगळे प्राणी संपले, टेरोसॉरही संपले. मगरींच्या काही जाती वाचल्या, आणि त्यामागे कमी अन्नावर दीर्घकाळ तग धरण्याची त्यांची क्षमता हे एक कारण मानलं जातं. संकट कुठलंही असो, सगळ्यात आधी मोठ्या भुकेचा बळी जातो.

“पण ते तर बुद्धिमान होते”

हा आक्षेप नेहमी येतो. बुद्धी असलेली, बोलणारी जमात आपला नाश होऊ देईल का? निअँडरथल माणसं हत्यारं बनवत, आग वापरत, मोठ्या जनावरांची शिकार करत. युरोप आणि पश्चिम आशियात ती लाखो वर्षं टिकली आणि सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी दिसेनाशी झाली. त्यांची संख्या मुळातच थोडी होती आणि टोळ्या विखुरलेल्या होत्या. बुद्धीमुळे पिल्लं लवकर मोठी होत नाहीत आणि रिकामं रान भरत नाही.

जादूचं म्हणाल तर तिने धोका वाढतो. ज्या प्राण्याला जगायला एकच विशिष्ट गोष्ट लागते, तो ती गोष्ट आटली की जातो. पांडा बांबूवर अवलंबून आहे तसा ड्रॅगन जगातल्या जादूच्या प्रवाहावर जगत असेल, तर तो प्रवाह क्षीण होणं हेच त्याच्यावरचं संकट. उंदरांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

शेवटचा मरण्याआधीच सगळं संपलेलं असतं

एखादी प्रजाती “कार्यतः नामशेष” झाली असं शास्त्रज्ञ म्हणतात तेव्हा तिचे काही प्राणी जिवंत असतात, पण त्यांच्यापासून पुढची पिढी होण्याची आशा उरलेली नसते. गॅलापागोसमधल्या पिंटा बेटावरचं ‘लोनसम जॉर्ज’ नावाचं कासव १९७१ साली सापडलं. त्याच्या जातीची मादी कुठेच मिळाली नाही. २०१२ साली तो मेला, म्हणजे प्रजातीचं भवितव्य ठरून गेल्यावर चाळीस वर्षांनी. पाचशे वर्षं जगणाऱ्या ड्रॅगनाच्या बाबतीत हा काळ शतकांचा होईल. कथेत डोंगरावर एकटा बसलेला वृद्ध ड्रॅगन भेटतो, तो याच अवस्थेतला. त्याची प्रजाती त्याच्या डोळ्यांदेखत केव्हाच संपलेली आहे.

उरलेले थोडे एकत्र असले तरी अडचणी सुटत नाहीत. काही प्राण्यांना मोठा समूहच लागतो. तो विरळ झाला की जोडीदार सापडत नाहीत, पिल्लांचं रक्षण होत नाही. उत्तर अमेरिकेतले प्रवासी पारवे एके काळी ३०० ते ५०० कोटी होते. प्रचंड शिकार झाली, थवे मोडले, आणि १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटची मादी मेली. दुसरीकडे, आर्क्टिकमधल्या रँगेल बेटावर मोजके मॅमथ अडकले आणि काहीशेच्या संख्येत, जवळच्या नात्यांत प्रजनन करत, सुमारे ६,००० वर्षं टिकले. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला गेला तेव्हा ते अजून जिवंत होते. दूरच्या बेटावर शेवटचे ड्रॅगन उरले आहेत असं एखादी कथा सांगते, तेव्हा त्यात अशक्य काहीच नाही.

ते गेल्यावर काय काय उरतं?

कथाकारांनी सगळ्यात जास्त दुर्लक्ष केलेला भाग हाच आहे, आणि मला यात सगळ्यात जास्त रस आहे.

हाडांपासून सुरुवात करू. मोठा प्राणी म्हणजे मोठी हाडं, ती तर जागोजाग सापडतील असं वाटतं. पण उडणाऱ्या प्राण्याची हाडं पोकळ आणि नाजूक असतात. टेरोसॉरांचे जीवाश्म दुर्मीळ आहेत ते म्हणूनच. बऱ्याच प्रजाती एखाद्या तुटक्या हाडावरूनच माहीत आहेत. त्या काल्पनिक जगातले विद्वान तुकडे जोडत वाद घालत बसतील आणि पुष्कळदा चुकतील. आपल्याकडे याच्या उलट झालं. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफर्ट शहरात सोळाव्या शतकाच्या शेवटी ड्रॅगनाचं एक शिल्प घडवलं गेलं, आणि त्याच्या डोक्यासाठी नमुना म्हणून वापरलेली कवटी होती केसाळ गेंड्याची. चीनमध्ये औषधांच्या दुकानांत विकली जाणारी ‘ड्रॅगनची हाडं’ प्रत्यक्षात जुन्या सस्तन प्राण्यांचे जीवाश्म असत. एखादी प्रजाती कायमची नाहीशी होऊ शकते हेच मुळात लोकांना पटत नव्हतं. १७९६ साली जॉर्ज क्युव्हिएने हत्ती आणि मॅमथ यांच्या हाडांतला फरक दाखवला, तेव्हापासून ही कल्पना रुजू लागली.

हाडांपेक्षा तळ्याच्या गाळात जास्त माहिती मिळते. वनस्पती खाणाऱ्या मोठ्या जनावरांच्या शेणावर स्पोरोर्मिएला नावाची बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू तळ्यात जाऊन गाळात थराथराने साठतात. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत हजारो वर्षांपूर्वीच्या एका थरापासून हे बीजाणू एकदम कमी होतात. मॅमथ आणि त्यांच्यासोबतची जनावरं तेव्हा ओसरत होती. त्याच्या वरच्या थरांत कोळशाचे कण वाढलेले दिसतात, कारण गवत खाणारेच उरले नाहीत आणि वाळलेल्या गवताला वणवे लागू लागले. ड्रॅगनांच्या जगात हे चित्र उलटं दिसेल. जुन्या थरांत कोळसाच कोळसा, आणि मग एका पातळीनंतर जवळजवळ नाही. तिथल्या शास्त्रज्ञाला एकही हाड न शोधता ड्रॅगन कोणत्या शतकात ओसरले ते सांगता येईल.

मग झाडं. लॉजपोल पाइन या झाडाच्या कित्येक शंकूंना राळेने घट्ट सील केलेलं असतं. वणव्याची उष्णता लागली की राळ वितळते आणि बिया बाहेर पडतात. लाखो वर्षं ड्रॅगनांच्या आगीत वाढलेल्या जंगलात अशीच झाडं माजलेली असणार. ड्रॅगन गेले की हे शंकू उघडणार कसे? जुनी झाडं उभी राहतील, खाली रोपं येणार नाहीत, आणि दोन-तीनशे वर्षांनी सगळं रान एकदम म्हातारं होऊन कोसळू लागेल. त्या राज्यातले लोक याला शाप म्हणतील.

जिवंत प्राण्यांच्या अंगातही गेलेल्यांची खूण राहते. उत्तर अमेरिकेतलं प्राँगहॉर्न हे हरणासारखं जनावर ताशी ८८ किलोमीटरपर्यंत धावतं. आजचा कुठलाही लांडगा त्याच्या जवळपास पोहोचत नाही, मग हा वेग कशासाठी? जीवशास्त्रज्ञ जॉन बायर्स यांचा तर्क असा की हा वेग सुमारे १२,००० वर्षांपूर्वी संपलेल्या अमेरिकी चित्त्यासारख्या शिकाऱ्यांपासून सुटण्यासाठी आलेला आहे. ड्रॅगनांनंतर हजारो वर्षांनीही तिथली हरणं मोठी सावली सरकली की विनाकारण उधळतील. मेंढ्यांचे डोळे वरच्या दिशेला जास्त बघणारे असतील. डोंगरी बकऱ्या उघड्या माळावर कधीच निजणार नाहीत आणि त्याचं कारण गुराख्यांना सांगता येणार नाही. एखाद्या कथेत हे तपशील भेटले तर ड्रॅगन एकदाही न दाखवता तो तिथे होता याची मला खात्री पटेल.

एखादा लपून राहिला असेल का?

सीलाकांथ हा मासा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला असं मानलं जात होतं. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो मच्छीमारांच्या जाळ्यात आला आणि मार्जोरी कोर्टने-लॅटिमर या संग्रहालयातल्या अधिकारी स्त्रीने त्याचं वेगळेपण ओळखलं. न्यूझीलंडचा टाकाहे पक्षी असाच १९४८ साली दुर्गम दरीत पुन्हा सापडला. पण खोल समुद्रातला मासा लपतो, झुडपांतला पक्षी लपतो. साडेपाच लाख किलो भक्ष्यावर पोसला जाणारा, आग ओकणारा प्राणी लपणं कठीण. समुद्रतळाशी राहणारा ड्रॅगन असेल तर मात्र मी शोध सोडणार नाही.

दगड झालेल्या अंड्यातून तो परत येईल?

हा प्रश्न सध्या खऱ्या जगातही गाजतो आहे. एप्रिल २०२५ मध्ये कोलॉसल बायोसायन्सेस या कंपनीने डायर वुल्फ हा हजारो वर्षांपूर्वी संपलेला लांडगा परत आणल्याचं जाहीर केलं. तीन पिल्लांपैकी मादीचं नाव ड्रॅगन बाळगणाऱ्या एका काल्पनिक राणीच्या पदवीवरून ठेवलं आहे. प्रत्यक्षात त्यांनी आजच्या करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल केले. अनेक शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की ही पिल्लं म्हणजे बदल केलेले करडे लांडगेच आहेत, आणि मला ते पटतं. यासाठीसुद्धा त्या लांडग्याचा डीएनए जुन्या दातातून आणि कवटीतून मिळावा लागला, आणि जवळचा जिवंत नातलग हाताशी असावा लागला. दगड झालेल्या अंड्यात डीएनए उरत नाही. आजवर मिळालेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे. ड्रॅगनाचा नातलग म्हणून ते सहा अवयवांचे छोटे प्राणी उपयोगी पडतील.

समजा, पिल्लू झालंच. पिरेनीज पर्वतातल्या बुकार्डो या रानबकरीची शेवटची मादी २००० साली मेली. तिच्या साठवलेल्या पेशींपासून २००३ साली एक पिल्लू जन्माला आलं, आणि फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांत मेलं. जगलं असतं तरी ते एकटंच असतं. कॅलिफोर्नियाच्या काँडर गिधाडांची संख्या १९८२ साली २२ वर आली होती. माणसांनी ती हातातल्या बाहुल्यांनी घास भरवून वाढवली, सोडण्याआधी त्यांना मोठ्या काँडरांच्या सहवासात ठेवलं, विजेच्या खांबांवर बसू नये हेसुद्धा शिकवलं. आज ते पाचशेहून जास्त आहेत. हे काम करणाऱ्यांविषयी मला अतोनात आदर आहे. पण तिथे शिकवायला मोठे काँडर होते. ड्रॅगनाच्या पिल्लाला वाऱ्यावर तोल सावरायला, शिकार निवडायला, आग कधी ओकायची नाही हे समजायला शिकवणारं कुणीच नसेल.

म्हणून अंडं उबवू पाहणाऱ्या प्रत्येक राजाने आणि जादूगाराने आधी रानं परत वाढवायला घ्यावीत. एका ड्रॅगनामागे साडेपाच लाख किलो हरणं आणि रानगवे, आणि पोट भरण्यासाठी त्याला गुरांपर्यंत यावं लागू नये एवढं मोकळं अंतर. एवढं जमवायला राजाच्या तीन-चार पिढ्या लागतील, आणि अंडं तोवर थांबू शकतं.